प्रोटीओग्लायकन, रक्तवाहिन्यांचा फुटवा आणि ऑटोफॅजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूरकडे बायोकेमिस्ट्री, बायोटेक, झूलॉजी किंवा फार्मसीत एमएस्सी-पीएचडी करणाऱ्यांना या विषयात पुन्हापुन्हा अडवणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आधी विषय, मग टेबलावरचं काम, आणि शेवटाकडे घरचे लोक हमखास विचारतात ते प्रश्न. एक शब्द आधीच ठरवून घेऊ. अँजिओजेनेसिसला, म्हणजे जुन्या रक्तवाहिनीतून नवी निघण्याला, इथे "फुटवा" म्हटलं आहे, हरभऱ्याला किंवा उसाला येतो तसा. "रक्तवाहिनी फुटणे" असं लिहू नका, वाचणाऱ्याला रक्तस्राव वाटतो.

एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणजे पेशींच्या मधलं भरणच ना?

नाही. मॅट्रिक्स म्हणजे पेशींबाहेरचं प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्यांचं जाळं, आणि ते पेशीला संदेशही देतं. या एका गैरसमजामुळे पुढचं सगळं चुकतं.

आपली काळी जमीन पाणी का धरून ठेवते? तिच्यातल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. त्या भाराभोवती धन आयन जमतात आणि त्यांच्यासोबत पाणी येतं. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. प्रोटीओग्लायकन म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेलं प्रथिन, त्याच्या साखळ्यांचंही तसंच आहे. ग्लायकोसअमिनोग्लायकन म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, त्यांच्यावर सल्फेट आणि कार्बोक्सिल गटांचा ऋण भार, भोवती सोडियम आणि पाणी. कूर्चा दाब सोसते ती याच पाण्याच्या बळावर.

जमिनीशी तुलना इथपर्यंतच चालते. प्रोटीओग्लायकनला आणखी एक भाग असतो, गाभ्याचं प्रथिन. साखळी त्या प्रथिनातल्या सेरीनला झायलोज या साखरेतून जोडलेली असते. हे प्रथिन थेट पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं आणि पेशीला काय करायचं ते सांगतं. साखळी वाढीचे घटक धरून ठेवते, गाभा संदेश देतो. ही दोन कामं वेगळी आहेत आणि कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध जातात. उत्तरपत्रिकेत दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

हायलुरोनन मॅट्रिक्समध्ये भरपूर असतं, पण त्याला ना गाभा ना सल्फेट. ते प्रोटीओग्लायकन नाही.

नावं खूप आहेत. कुठली लक्षात ठेवायची?

या विषयापुरती दोन पक्की करा, डेकोरिन आणि पर्लेकन.

डेकोरिन लहान आहे. गाभा सुमारे ४० किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं एकक), त्यात ल्यूसीन-समृद्ध १२ पुनरावृत्ती, आणि कॉन्ड्रॉइटिन किंवा डर्माटन सल्फेटची एकच साखळी. ते कोलॅजेन या मॅट्रिक्सला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंना बिलगून बसतं. डेकोरिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांची त्वचा सहज फाटते, कारण कोलॅजेनचे तंतू कमी-जास्त जाडीचे होतात. हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं.

पर्लेकन अवाढव्य आहे. नुसता गाभा सुमारे ४७० किलोडाल्टनचा, त्याचे पाच भाग, आणि एका टोकाला हेपरन सल्फेटच्या साखळ्या. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली जो बेसमेंट मेम्ब्रेन हा मॅट्रिक्सचा पातळ पापुद्रा असतो त्यात हे असतं.

बिगलायकन पुढे येईल. ल्युमिकन, व्हर्सिकन, सिंडेकन, ग्लायपिकन ही नावं इथे लागणार नाहीत.

फुटवा येतो कसा, आणि यात हेपरन सल्फेटचं काय काम?

ऊतीला ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ अल्फा हा जनुकं चालू करणारा घटक टिकून राहतो आणि पेशी व्हीईजीएफए हा वाहिन्यांच्या वाढीचा घटक सोडते. जवळच्या केशवाहिनीतल्या अस्तरपेशीला तो लागतो. एक पेशी पुढारी होते, बारीक बोटं काढून चाचपडत पुढे सरकते. तिच्या मागच्या पेशी नॉच या शेजारच्या पेशीकडून मिळणाऱ्या संदेशामुळे पुढारी व्हायच्या थांबतात, विभागतात आणि नळी लांबवतात.

पुढारी पेशीला दिशा कशी कळते? व्हीईजीएफए कुठे दाट आणि कुठे विरळ आहे यावरून. ही दाट-विरळ मांडणी हेपरन सल्फेट टिकवतं. माणसातला व्हीईजीएफ१२१ हा प्रकार (आकडा म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांची संख्या) हेपरन सल्फेटला चिकटत नाही, दूरवर पसरतो. १६५ बऱ्यापैकी चिकटतो. १८९ तर मॅट्रिक्समध्ये घट्ट अडकून बसतो. उंदरात याच प्रकारांचा आकडा एकाने कमी असतो. फक्त १२० बनवणाऱ्या उंदरांत वाहिन्या रुंद होतात आणि फांद्या कमी फुटतात. फक्त १८८ बनवणाऱ्यांत वाहिन्या बारीक आणि फांद्या बेसुमार. वाढीचा घटक तोच, फरक फक्त मॅट्रिक्सला तो किती चिकटतो याचा. परीक्षेत उदाहरण मागितलं तर हेच लिहा, याहून स्वच्छ उदाहरण नाही.

मग पर्लेकन फुटवा वाढवतं की थांबवतं? एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरं.

दोन्ही बरोबर. अख्खं पर्लेकन आपल्या हेपरन सल्फेटवर एफजीएफ२ आणि व्हीईजीएफ हे वाढीचे घटक धरतं, ते रिसेप्टरपर्यंत पोचवतं आणि फुटव्याला मदत करतं. पण त्याचं दुसरं टोक, म्हणजे पाचवा भाग, प्रोटिएज या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने कापला गेला की ८५ किलोडाल्टनचा जो तुकडा मोकळा होतो तो फुटवा थांबवतो. त्याला एंडोरिपेलिन म्हणतात. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या रेनाटो इओझो यांच्या गटाने तो २००३ मध्ये मांडला.

एंडोरिपेलिन एकाच वेळी दोन रिसेप्टर पकडतं. त्यात एलजी नावाच्या घडीचे तीन भाग आहेत. पहिले दोन व्हीईजीएफआर२ या व्हीईजीएफच्या रिसेप्टरला धरतात आणि तिसरा अल्फा२-बीटा१ इंटेग्रिन या मॅट्रिक्स पकडणाऱ्या रिसेप्टरला. इंटेग्रिनकडून एसएचपी-१ हे फॉस्फेटेज कामाला लागतं, व्हीईजीएफआर२ वरचा फॉस्फेट काढला जातो आणि पेशीचा ॲक्टिनचा सांगाडा मोडतो. पेशी जागीच थांबते. हे दोन्ही रिसेप्टर एकत्र मुख्यतः अस्तरपेशींवर सापडतात, म्हणून हा परिणाम त्यांच्यावरच नेमका पडतो.

कोलॅजेन-१८ हेही हेपरन सल्फेटच्या साखळ्या असलेलं प्रोटीओग्लायकनच आहे, आणि त्याच्या टोकाचा २० किलोडाल्टनचा तुकडा म्हणजे एंडोस्टॅटिन. बॉस्टनमध्ये जुडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेतून तो १९९७ मध्ये पुढे आला. अख्खा रेणू एक सांगतो आणि त्याचा तुकडा दुसरंच, हा प्रकार मॅट्रिक्समध्ये वारंवार दिसतो. प्रयोगात अख्खा रेणू घातला की तुकडा, हे वहीत नाही लिहिलं तर सहा महिन्यांनी निकालाचा अर्थच लागत नाही.

डेकोरिन फुटवा कसा रोखतं?

दोन्ही बाजूंनी. गाठीच्या (ट्यूमरच्या) पेशीवर ते मेट या रिसेप्टरला धरतं. मेट आत ओढला जाऊन मोडतो, मागोमाग बीटा-कॅटेनिन आणि मिक ही पेशीची वाढ चालवणारी प्रथिनं कमी होतात. एचआयएफ-१ अल्फा घटतो, व्हीईजीएफए घटतो. उलट थ्रोम्बोस्पॉन्डिन-१ आणि टिम्प-३ हे फुटवा रोखणारे घटक वाढतात. म्हणजे खत बंद आणि वर आळंही बुजवलं. अस्तरपेशीवर ते व्हीईजीएफआर२ ला धरतं, आणि तिथून ऑटोफॅजी सुरू होते.

यात ऑटोफॅजी कुठून आली? ती तर उपाशी पेशीची गोष्ट.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःच्याच आतला जुना, बिघडलेला माल दुहेरी पापुद्र्याच्या पिशवीत गुंडाळून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, पाठवणं. नाव ख्रिश्चन द दुव यांनी १९६३ मध्ये दिलं. जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली, त्यासाठी २०१६ चं नोबेल. उपासमार हे तिचं सगळ्यात माहितीचं कारण, पण एकमेव नाही.

डेकोरिन किंवा एंडोरिपेलिन दिलं की पोषणद्रव्यांनी भरलेल्या माध्यमातसुद्धा अस्तरपेशीत ऑटोफॅजी सुरू होते. पेशी उपाशी नाही, तिला बाहेरून सांगितलं जातंय. क्रम असा : व्हीईजीएफआर२ कडून एएमपीके हे ऑटोफॅजीला चालना देणारं एन्झाइम जागं होतं, आणि ऑटोफॅजी दाबून ठेवणाऱ्या एकेटी-एमटॉरचा लगाम सैल होतो. पेग३ नावाचं प्रथिन वाढतं आणि त्याच्यामार्फत बेक्लिन-१ व एलसी३ ही ऑटोफॅजीची पिशवी बनवणारी दोन्ही प्रथिनं वाढतात. पेग३ चं जनुक वडिलांकडून आलेल्या प्रतीतूनच चालतं, आईकडची प्रत गप्प असते. डेकोरिनच्या बाबतीत पुढे टीएफईबी हा लायसोसोमच्या जनुकांचा मुकादमही कामाला लागतो.

गाठीच्या पेशीत डेकोरिन मायटोफॅजी घडवतं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया निवडून मोडले जातात. त्यात मेट आणि मायटोस्टॅटिन हे प्रथिन लागतात.

पेशी स्वतःला खाते याने फुटवा का थांबावा?

कारण ती काय खाते हे महत्त्वाचं. डेकोरिनने सुरू झालेल्या ऑटोफॅजीत अस्तरपेशीतला व्हीईजीएफए पिशवीत जाऊन मोडतो, म्हणजे फुटव्याचा हुकूमच नष्ट होतो. दुसरं, हायलुरोनन बनवणारं एचएएस२ हे एन्झाइमही याच वाटेने मोडतं. हायलुरोनन हे फुटव्याला पोषक, ते कमी झालं की पेशीभोवतीची जागा वाहिनीला अनुकूल राहत नाही. फुटवा आणि ऑटोफॅजी हे दोन वेगळे धडे समजून पाठ केले तर ही जोडणी निसटते.

म्हणजे डेकोरिन नेहमी फुटव्याच्या विरोधातच?

नाही. डेकोरिन नसलेल्या उंदरांच्या डोळ्याच्या कॉर्नियाला जखम केली तर तिथला फुटवा कमी पडतो, म्हणजे तिथे त्याची गरज होती. गाठीत रोखतं, जखमेत कधी मदत करतं. कुठल्या ऊतीत, कुठल्या पेशीत, कोलॅजेनला चिकटलेलं की विरघळलेलं, हे सांगितल्याशिवाय "डेकोरिन अँटी-अँजिओजेनिक आहे" हे वाक्य अर्धवट आहे.

बिगलायकन डेकोरिनसारखंच ना?

रचनेने सख्खं भावंड, साखळ्या मात्र बहुधा दोन. वागणं वेगळं. सुटं बिगलायकन टीएलआर२ आणि टीएलआर४ या रोगप्रतिकाराच्या रिसेप्टरना धरतं, दाह वाढवतं, फुटव्याला मदत करतं. टीएलआर४ सोबत सीडी४४ हा दुसरा रिसेप्टर असेल तर मॅक्रोफेज या प्रतिकारपेशीमध्ये तेच बिगलायकन ऑटोफॅजी सुरू करून दाह आवरतं. हे काम फ्रँकफर्टच्या लिलियाना शेफर यांच्या गटाचं.

डेकोरिनचा वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळं करून प्रतिपिंडाने प्रथिन ओळखणं) केला. पट्टी येतच नाही, नुसता धूर दिसतो. जेल बिघडली का?

जेल चांगली आहे. साखळीची लांबी रेणूगणिक वेगळी, म्हणून अख्खं डेकोरिन साधारण ७० ते ११० किलोडाल्टनमध्ये पसरतं. नमुना कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी या साखळी कापणाऱ्या एन्झाइमने पीएच ८.० ला, ३७ अंशावर दोन-तीन तास पचवा. साखळी गेली की धुराची जागा ४५ च्या आसपासची नेटकी पट्टी घेते. शेजारच्या लेनमध्ये न पचवलेला नमुना ठेवाच. दोन्ही एका फिल्मवर दिसले की परीक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

एलसी३-२ वाढलं. ऑटोफॅजी वाढली असं लिहू का?

अजून नाही. प्रबंध परत येतो तो बहुतेक इथेच.

एलसी३-१ पेशीत सुटं असतं. एलसी३-२ पिशवीवर बसतं आणि पिशवी लायसोसोममध्ये गेली की आतल्या बाजूचं तेही मोडतं. त्यामुळे ते वाढण्याची दोन कारणं असू शकतात. एक, पिशव्या जास्त बनतायत. दोन, पुढचा रस्ता तुंबलाय. एखाद्या चौकात गाड्या जास्त दिसल्या म्हणजे वाहतूक जोरात आहे की जाम आहे, हे एका फोटोवरून कळत नाही. मोजायचा असतो तो प्रवाह.

चार गट लावा : नुसत्या पेशी, डेकोरिन, बाफिलोमायसिन, आणि डेकोरिन अधिक बाफिलोमायसिन. बाफिलोमायसिन ए१ लायसोसोममधलं मोडणं थांबवतं. ते साधारण १०० नॅनोमोलर, शेवटचे दोन ते चार तासच. ते परवडत नसेल तर क्लोरोक्विन २५ ते ५० मायक्रोमोलर. बाफिलोमायसिन असताना डेकोरिनने एलसी३-२ आणखी वाढलं, तर पिशव्या खरंच जास्त बनतायत. वाढलं नाही, तर डेकोरिन फक्त रस्ता अडवतंय. सोबत पी६२ पाहा, हे प्रथिन मालासोबत पिशवीत जाऊन मोडतं. प्रवाह चालू असेल तर ते घटतं. पण पी६२ चं जनुकही उत्तेजित होऊ शकतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका. खात्रीचा गट (पॉझिटिव्ह कंट्रोल) म्हणून ईबीएसएस या अमिनो आम्लं नसलेल्या क्षारद्रावणात दोन-तीन तास उपाशी ठेवलेल्या पेशी हव्यात.

ब्लॉटमध्ये नेहमी होणाऱ्या चुका अशा. एलसी३-२ हे १४ ते १६ किलोडाल्टनचं, लहान. १० टक्क्यांच्या जेलमध्ये ते डायसोबत खालून निघून जातं, म्हणून १५ टक्के घ्या. मेम्ब्रेन ०.४५ मायक्रॉनची असेल आणि रात्रभर ट्रान्सफर केलं तर ते आरपार जातं. ०.२ मायक्रॉनची पीव्हीडीएफ वापरा आणि वेळ कमी ठेवा. लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) तीन-चार वेळा गोठवून वितळवलं की एलसी३-१ नाहीसं होतं. म्हणून २ भागिले १ असं गुणोत्तर काढू नका, एलसी३-२ ची तुलना ॲक्टिनशी करा. आणि प्रयोगाच्या आदल्या तासाला ताजं माध्यम बदललंत तर अमिनो आम्लांच्या पुराने ऑटोफॅजी दबते. सगळ्या गटांचं माध्यम एकाच वेळी बदला.

ट्यूब फॉर्मेशनला (अस्तरपेशी जेलवर नळ्यांचं जाळं करतात ती चाचणी) मॅट्रिजेल हे मॅट्रिक्सचं जेल प्रत्येक वेळी गुठळ्या होऊन बसतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा ऊन. मॅट्रिजेल ४ अंशावर पातळ असतं आणि १० अंशांच्या वर गेलं की धरायला लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश असतं, एसी नसलेल्या खोलीतली पिपेटची टिपच ३५ अंशांची असते. टिपेत शिरतानाच जेल धरतं. मग प्लेटमध्ये कुठे उंचवटा, कुठे खळगा.

आदल्या संध्याकाळी कुपी बर्फाच्या डब्यात घालून तो डबा फ्रीजमध्ये ठेवा, नुसती फ्रीजच्या दारात नको. टिपा, प्लेट आणि रिकाम्या ट्यूब रात्रभर उणे २० मध्ये. काम सकाळी लवकर उरका. प्लेट बर्फावर सपाट बसवा. ९६ विहिरींच्या प्लेटला ५० ते ६० मायक्रोलिटर, पिपेट दुसऱ्या थांब्यापर्यंत न दाबता, नाहीतर बुडबुडे येतात. ३७ अंशावर ३० मिनिटं. मग विहिरीला १० ते १५ हजार ह्यूवेक पेशी (माणसाच्या नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी). पेशी दुसऱ्या ते पाचव्या पॅसेजमधल्याच घ्या. फोटो ४ ते ८ तासांत काढा. २४ तासांनी जाळं आपोआप कोसळतं आणि तुमच्या औषधाला फुकटचं श्रेय मिळतं.

थर नीट बसलाय का हे पेशी टाकायच्या आधी कळतं. प्लेट डोळ्यासमोर आडवी धरून उजेडाकडे पाहा. नीट बसलेली विहीर काचेसारखी सपाट चमकते. कडेला जेल वर चढलं असेल तर मध्यभागी चंद्रकोरीसारखी सावली पडते, आणि पेशी टाकल्यावर त्या उतारावरून घसरून मध्येच गोळा होतात. त्या विहिरीवर खूण करा आणि ती मोजणीतून आधीच वगळा, निकाल बघून नव्हे.

आणखी एक : मॅट्रिजेल उंदराच्या ईएचएस गाठीतून काढतात आणि त्यात लॅमिनिन, कोलॅजेन-४ यांच्यासोबत पर्लेकन असतंच. तुम्ही पर्लेकनचा अभ्यास पर्लेकनवरच पेशी बसवून करताय. निदान वाढीचे घटक कमी केलेला प्रकार घ्या, आणि निष्कर्ष कोलॅजेन-१ च्या जेलमध्येही तपासा.

डेकोरिन दिलं तरी काहीच फरक नाही. प्रथिन खराब का?

आधी माध्यमाची बाटली वाचा. अस्तरपेशींच्या तयार माध्यमात बहुधा हेपरिन, व्हीईजीएफ आणि एफजीएफ आधीच घातलेलं असतं. हेपरिन म्हणजे हेपरन सल्फेटचा सख्खा भाऊ. ते विरघळलेलं असलं की वाढीचे घटक त्यालाच चिकटतात आणि मॅट्रिक्सच्या साखळ्यांचा परिणाम झाकला जातो. प्रयोगाच्या वेळी बेसल माध्यम आणि ०.५ ते २ टक्के सीरम एवढंच ठेवा.

मग प्रथिन पाहा. युरिया किंवा ग्वानिडीनने काढलेल्या डेकोरिनची घडी उलगडलेली असू शकते. शिवाय ते प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे लो-बाइंड ट्यूब घ्या.

आणि उलट झालं तर? प्रथिन दिलं की लगेच सगळंच वाढतं.

मग एंडोटॉक्सिनचा संशय घ्या. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत एलपीएस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं हेच एंडोटॉक्सिन, येतं, आणि एलपीएस टीएलआर४ मार्फत स्वतःच ऑटोफॅजी सुरू करतं. बिगलायकनचा रिसेप्टरही तोच, म्हणजे खरं आणि खोटं एकाच दारातून आत येतं. सोपी चाचणी : नमुन्याचा एक भाग उकळा. प्रथिन मोडेल, एलपीएस बऱ्याच अंशी तसंच राहील. उकळलेल्या नमुन्यानेही परिणाम दिसला, तर तो प्रथिनाचा नव्हता. दुसऱ्या भागात एलपीएसला निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून पाहा. शक्य असेल तर सस्तन पेशींत बनवलेलं प्रथिन घ्या, त्यावर साखळीही असते.

सेल कल्चर नाही. कोंबडीच्या अंड्यावर करता येईल का?

येईल, आणि काम चांगलं होतं. सीएएम चाचणी म्हणतात त्याला, सीएएम म्हणजे गर्भाभोवतीचा रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा. पण दुकानातली अंडी चालत नाहीत. लेअर फार्मवर कोंबडे नसतात, त्यामुळे ती फलित नसतात. हॅचरीतून उबवणीची अंडी घ्या, सात दिवसांच्या आतली. उन्हात आणलेल्या अंड्यांत गर्भ वाटेतच अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. पहाटे, थंड पिशवीतून आणा आणि इन्क्युबेटरमध्ये जाईपर्यंत १५ ते १८ अंशांवर ठेवा.

उबवण ३७.५ अंशांवर, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. आपल्या कोरड्या हवेत पाण्याचा ट्रे रोज बघावा लागतो. चौथ्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च लावा. जिवंत अंड्यात कोळ्यासारखा लाल पसारा आणि मधोमध काळा ठिपका दिसतो, ठिपका हलतोही. नुसतं पिवळं उजळलं तर अंडं फलित नव्हतं. लाल कडं दिसलं तर गर्भ मेलाय, ते लगेच बाजूला काढा, कुजून फुटलं तर सगळी तुकडी जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-तीन मिलिलिटर पांढरं सिरिंजने काढून कवचाला खिडकी करा आणि टेपने बंद करा. सातव्या-आठव्या दिवशी नमुन्याची चकती ठेवा, ४८ ते ७२ तासांनी फांद्या मोजा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. कवचाची धूळ पडली तरी तिथे दाहाने वाहिन्या जमतात, म्हणून नुसत्या बफरची चकती प्रत्येक तुकडीत हवीच. चौदाव्या दिवसाआधी प्रयोग संपवा आणि संस्थेच्या नीतिसमितीला आधी विचारा.

अगदी कमी खर्चात प्रोटीओग्लायकन हाताळायला मिळेल का?

खाटकाकडून बकऱ्याची श्वासनलिका आणा. त्यात मुख्यतः ॲग्रिकन हे कूर्चेतलं मोठं प्रोटीओग्लायकन मिळेल, डेकोरिन थोडं. कूर्चेचे बारीक काप करा, ग्रॅमला १० मिलिलिटर याप्रमाणे ४ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये, सोडियम ॲसिटेट पीएच ५.८, प्रोटिएज इनहिबिटर घालून ४ अंशांवर २४ ते ४८ तास ढवळत ठेवा. चार मोलर म्हणजे लिटरला ३८२ ग्रॅम. हा अर्क थेट एसडीएस जेलवर घालू नका. ग्वानिडीन आणि एसडीएस मिळून पांढरा साका होतो. आधी इथेनॉलने प्रथिन खाली बसवा किंवा डायलिसिस करा.

मोजणीला डीएमएमबी हा सल्फेट असलेल्या साखळ्यांना धरणारा रंग : १६ मिलिग्रॅम रंग, ३.०४ ग्रॅम ग्लायसीन, २.३७ ग्रॅम मीठ, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ९५ मिलिलिटर, एकूण एक लिटर, पीएच ३.०. नमुना पडताच निळा रंग जांभळट होतो. ५२५ नॅनोमीटरला लगेच वाचा, थांबलात तर गाळ बसून आकडा घसरतो. हायलुरोननला सल्फेट नाही, ते इथे मोजलं जात नाही. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरच्या क्षारांनी मानक रेषा प्रत्येक वेळी वेगळी येते.

एकादशीच्या उपवासाने ऑटोफॅजी होते आणि गाठ विरते, असा मेसेज फिरतोय. खरं का?

उपाशी उंदरांच्या हृदयात डेकोरिन वाढतं आणि डेकोरिन नसलेल्या उंदरांत तिथली ऑटोफॅजी नीट होत नाही, एवढं दाखवलं गेलंय. त्यावरून माणसाची गाठ विरते असं निघत नाही. वाढलेल्या गाठी ऑटोफॅजी स्वतःच्या जगण्यासाठीही वापरतात. आणि साबुदाणा, भगर, शेंगदाणे खाऊन केलेला उपवास पेशीच्या हिशेबाने उपवासच नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरला न विचारता कडक उपवास केला तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. घरात कुणाला गाठ असेल तर उपचार थांबवू देऊ नका, हे हात जोडून सांगणं आहे.

पायाचं सूप किंवा कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या घेतल्या तर?

सूप चांगलं लागतं, जरूर प्या. पण त्यातली प्रथिनं पोटात मोडतात, डेकोरिन म्हणून रक्तात जात नाहीत. गोळ्यांमधली साखळी बिनगाभ्याची असते. या पानावरचे सगळे संदेश गाभ्याचे आहेत.

मग यातलं दवाखान्यात काय आहे?

डेकोरिन किंवा एंडोरिपेलिनचं, डॉक्टरने लिहून द्यावं असं मंजूर औषध नाही. व्हीईजीएफ रोखणारी औषधं मात्र आहेत. बेव्हासिझुमॅब अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर सूज आली किंवा नव्या वाहिन्यांचा फुटवा आला तर याच जातीची इंजेक्शनं डोळ्यात देतात. क्लोरोक्विन ऑटोफॅजी अडवतं हे वाचून कुणी ते घरी घेऊ नये. जादा मात्रा हृदयाची लय बिघडवते.

१०० मायक्रोग्रॅम डेकोरिन मागवलंय. किती प्रयोग होतील, आणि लाइट गेली तर?

मात्रा साधारण १०० ते २०० नॅनोमोलर धरतात. हिशेब गाभ्याच्या ४० किलोडाल्टनवर करा, साखळी धरू नका. २०० नॅनोमोलर म्हणजे मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅममध्ये साडेबारा मिलिलिटर माध्यम. सहा विहिरींच्या प्लेटला विहिरीमागे दोन मिलिलिटर लागतात, सहाच विहिरींत कुपी संपली. ९६ च्या प्लेटला १०० मायक्रोलिटरने १२५ विहिरी होतात. त्यामुळे ट्यूब फॉर्मेशन आणि इम्युनोफ्लोरेसन्स लहान प्लेटमध्ये, आणि वेस्टर्नसाठी २४ विहिरींच्या प्लेटमधल्या दोन विहिरी एकत्र करा.

कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, भुकटी झाकणाला चिकटलेली असते. निर्जंतुक पीबीएसमध्ये ०.१ टक्का बीएसए घालून विरघळवा, व्होर्टेक्स करू नका. एका प्रयोगाला पुरेल एवढेच भाग पाडून उणे ८० ला ठेवा. लाइट गेली तर डीप फ्रीझरचं दार उघडून "वितळलं का" बघू नका, बंद दाराआड थंडी कित्येक तास टिकते. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. त्यावर तारीख घालून तो ब्लॉटच्या खात्रीच्या लेनसाठी वेगळा ठेवा.